काळ्या टायरचा तांबूस इतिहास

दसरा जवळ आला, की आमच्या बीबीत गाड्यांच्या आंघोळी सुरू होतात. बीबी हे लोणार तालुक्यातले गाव, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे. त्यामुळे टायरच्या बैलगाडीपासून दहा चाकी ट्रकपर्यंत चाकांचा सगळा गोतावळा आम्हांला घरबसल्या पाहावयास मिळतो. गाडी धुऊन झाली, काचा पुसून झाल्या, झेंडूची माळ ओवून झाली, म्हणजे मालकाची नजर टायरवर जाते. बाकी गाडी लखलखीत, पण टायर मात्र धुऊनही मळकटच! काळा रंग कुठेतरी हरवलेला आणि त्यावर जुन्या गोणपाटासारखी तांबूस-तपकिरी छटा. मग कुणी डिझेलचा बोळा फिरवतो, कुणी इंजिनातून काढलेले जळके तेल चोळतो, आणि ज्याच्या खिशात चार पैसे खुळखुळत असतील तो बाजारातले पॉलिश आणतो. टायर काळाभोर होतो, त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. वीस दिवसांनी दिवाळी येते, तोवर टायर पुन्हा तांबूस. आता दोष कुणाला द्यायचा? अर्थातच दुकानदाराला. “जुना माल गळ्यात मारला हो!” हे वाक्य मी आमच्या रस्त्यावर इतक्या वेळा ऐकले आहे, की त्या तांबूस रंगाची कुळकथाच एकदा शोधून काढावी असे वाटले.

ती शोधता शोधता कळले ते असे: तांबूस झालेला टायर बहुधा जुना नसतो, त्याचे औषध कामाला लागलेले असते. पुसून काढतो ते हे औषधच. पण या औषधाचीही एक दुसरी बाजू अलीकडे उजेडात आली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी एक सरळ प्रश्न. टायर काळाच का? रबर तर मुळात दुधाळ. ब्राझीलच्या जंगलातल्या एका झाडाचा तो चीक. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये त्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनला आणल्या, तेथून रोपे सिलोन आणि मलायात गेली, आणि १९०२ पासून आजच्या केरळात त्याचे मळे उभे राहू लागले. हा चीक उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ होई. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने त्यात गंधक मिसळून ते तापविले आणि हा दोष गेला. बिचारा कर्जात मेला. पुढे १८९८ मध्ये निघालेल्या टायर कंपनीने त्याचे नाव तेवढे घेतले, त्याच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसविला. हा भाग शाळेच्या पुस्तकांत येऊन गेलेला आहे, म्हणून पुढे जातो.

सुरुवातीचे टायर पांढुरके होते. रबर घट्ट व्हावे म्हणून त्यात जस्ताची पांढरी भुकटी घालीत. आपल्या वैद्यांचे यशदभस्म म्हणजे हाच पदार्थ. फ्रान्समधल्या मिशेलिन कंपनीचा तो लठ्ठ, वळकट्यावळकट्यांचा माणूस पुष्कळांनी जाहिरातींत पाहिला असेल. टायरांची चळत रचून केलेला हा माणूस पांढरा कसा, असे मुले विचारतात. तो १८९८ मध्ये चित्रात आला तेव्हा टायरच तसे होते, एवढेच त्याचे उत्तर. त्याचे नाव ‘बिबेंडम’. आमच्या गावाच्या नावाशी ते कानाला जुळते खरे, पण संबंध काडीचाही नाही; मूळ शब्द लॅटिन आहे आणि त्याचा रोख पिण्याकडे आहे.

टायर काळा झाला तो काजळाने. लंडनजवळ सिल्व्हरटाउन येथे ‘इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स’ अशा लांबलचक नावाचा कारखाना होता. तेथे १९०४ च्या सुमारास रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी चिवट होते, असे दिसून आले. ही काजळी म्हणजे आपल्या घरांतले काजळच. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून आजी जे धरीत असे, ते. अमेरिकेत जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या लाखो ज्योती लोखंडी पन्हळींखाली जाळून तेच काजळ टनावारी धरू लागले. त्याचे कण इतके बारीक असतात, की रबराच्या लांबच लांब साखळ्या त्यांना चिकटून बसतात आणि सहजासहजी झिजत नाहीत. शिवाय काळा रंग ऊन पिऊन टाकतो, म्हणून उन्हाने आतले रबर जळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मोठ्या कारखान्यांनी हा काळा टायर उचलला. पांढऱ्याची मिजास मात्र लवकर सुटेना. जमिनीला टेकणारा भाग काळा आणि बाजू पांढऱ्या, असे टायर श्रीमंतांच्या मोटारींना पुढे कित्येक वर्षे शोभा देत होते.

काजळाने झीज थांबली, उन्हाची बाधा कमी झाली. पण एक शत्रू राहिलाच. गंमत अशी, की गुडइयरने ज्या १८३९ सालात रबर पक्के केले, त्याच सालात स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातून वीज सोडताना येणाऱ्या एका उग्र वासाची दखल घेतली. पुढच्या वर्षी त्याने त्या वायूला ‘ओझोन’ असे नाव दिले. रबराचा आणि त्याच्या वैऱ्याचा असा एकाच साली जन्म झाला, म्हणावयास हरकत नाही. ओझोन म्हणजे प्राणवायूच. फक्त दोन अणूंच्या जोडीऐवजी तिघांचे टोळके. आकाशात उंचावर तो आपले उन्हापासून रक्षण करतो म्हणून त्याचे कौतुक होते. जमिनीलगत मात्र तो उपद्रवी. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे अवघे दोन-चार भाग असतात, पण तेवढे रबराला पुरतात. ताणलेल्या रबराच्या साखळीत जेथे कच्चा सांधा सापडेल तेथे तो शिरतो आणि साखळी तोडतो. ताण ज्या दिशेला, त्याच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. ताण नसलेल्या रबरावर त्या दिसत नाहीत. आता टायरची बाजू हवेच्या दाबाने आणि गाडीच्या भाराने सदा फुगलेली, सदा ताणलेली! म्हणून भेगा बहुधा तेथेच आधी दिसतात.

हे कोडे नीट उलगडले ते लॉस एंजेलिस शहरात, आणि उलगडणारा माणूस होता अननसाच्या नादात. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे, तेथल्या तंत्रविद्या संस्थेत प्राध्यापक. अननसाला तो गोड वास कशाने येतो, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी वासाचे बाष्प गोठविण्याची यंत्रे मांडली होती. १९४० नंतर त्या शहरावर तपकिरी धुके साठू लागले होते. माणसांचे डोळे चुरचुरत, भाजीपाल्याची पाने करपत, आणि मोटारींचे टायर इतर गावांपेक्षा लवकर तडकत. हागेन-स्मिट यांना सांगण्यात आले, की अननस राहू द्या, ही हवा तपासा. त्यांनी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरावर ऊन पडले म्हणजे त्यातून ओझोन तयार होतो. मोजणी कशी करावी? तर रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि पहिली भेग किती मिनिटांनी पडते ते पाहायचे. १९५१ मध्ये ही रीत छापून प्रसिद्ध झाली. टायर ज्या धुराने तडकत, तो धूर टायरवर धावणाऱ्या मोटारींचाच, आणि साक्षीदार पुन्हा रबरच! असा खटला न्यायालयातसुद्धा विरळा.

दुसरीकडे युद्धाने घाई लावली. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि पूर्वेकडची डच बेटे घेतली आणि रबराचे मळे दोस्तांच्या हातून गेले. अमेरिकेने कारखान्यात कृत्रिम रबर केले. त्यावर लष्कराच्या गाड्या धावल्या. पण युद्ध संपून गाड्या कोठारांत उभ्या राहिल्या आणि टायर जागच्या जागी फाटू लागले. न वापरलेली वस्तू खराब होते, हे सैन्याच्या हिशेबनिसाला कसे पटावे? इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर ‘रॉक आयलंड आर्सेनल’ हे लष्करी शस्त्रागार आहे. तेथल्या प्रयोगशाळेने शेकडो रसायने चाळून पाहिली आणि १९५४ मध्ये एका घराण्याकडे बोट दाखविले.

पण त्या आधीचा जुना इलाज सांगतो, कारण तो समजायला आमच्या तालुक्याबाहेर जावे लागत नाही. तो इलाज म्हणजे मेण. रबर गरम असताना त्यात मेण मिसळतात. रबर निवले, की त्यात जेवढे मावते त्याहून जास्तीचे मेण आत राहू शकत नाही. ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि पातळ पडदा धरते. पडद्याआड ओझोनला शिरकाव नाही. लोणारच्या सरोवराचे असेच आहे. उन्हाळ्यात पाणी आटले, की पाण्यात मावेनासा झालेला खार काठावर पापुद्र्यासारखा वर येतो. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या नोंदींत आहेत, आणि लोणारला काच व साबण यांचा कच्चा माल मिळतो हे ‘आइन-ए-अकबरी’तसुद्धा आले आहे. टायरवरचा पांढुरका थर हा या पापडीचाच चुलतभाऊ. (२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हाही लोक धास्तावले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. रंग बदलला म्हणजे काहीतरी नासले, अशी आपली समजूतच आहे.)

मेणाचे प्रकारही हवामान पाहून निवडावे लागतात. हलके मेण थंडीतही चटकन वर येते. जड मेण रेंगाळते, ते वैशाखातल्या उन्हासाठी बरे. कारखानदार दोन्हींचे मिश्रण करतात. मात्र मेणाचा एक मोठा दोष आहे. त्याला लवचीकपणा नाही. शेतात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या ट्रॉलीला ते सांभाळील. पण तीच ट्रॉली कापूस भरून रस्त्याला लागली, की टायर क्षणाक्षणाला दबतो आणि फुगतो, मेणाचा पडदा तडकतो, आणि त्या फटीतून ओझोन आत घुसतो.

रॉक आयलंडच्या लोकांनी दाखविलेले घराणे येथे उपयोगी पडले. त्याचे नाव पॅरा-फेनिलीनडायअमीन. नाव उच्चारायला अवघड, पण मंडळी ओळखीची आहेत. केसांच्या कलपात आणि बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा याच घराण्यातला एक सभासद असतो; हवेतला प्राणवायू त्याला लागला, की तो काळपट होतो आणि केस रंगतात. टायरसाठी त्याच कुळातला एक धिमा भाऊ निवडण्यात आला. कारखान्यातले लोक त्याला ‘६ पीपीडी’ म्हणतात. शंभर भाग रबराला तो साधारण एक ते तीन भाग घालतात. हा रबराच्या आत मुरलेला असतो आणि हळूहळू बाहेर येत राहतो. ओझोन समोर आला, की रबराच्या आधी हाच पुढे होतो आणि स्वतः जळतो. जळून जे उरते त्याचा रंग तांबूस-तपकिरी. चाक फिरेल, रबर दबेल, तसा आतून नवा पुरवठा येत राहतो. दसऱ्याला काळा केलेला टायर दिवाळीला तांबूस का होतो, याचे उत्तर एवढेच आहे. गेल्या साठेक वर्षांत जगातल्या बहुतेक टायरांत हे रसायन गेले आहे.

आपल्याकडेही ते परक्यासारखे राहिले नाही. डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंज येथे निघाला आणि त्या कंपनीने बैलगाडीसाठीही हवेचे टायर काढले. लाकडी चाकाच्या लोखंडी धावेने सडकेला पडणारे चर त्यामुळे कमी झाले आणि बैलांच्या खांद्यालाही आराम पडला. १९५८ मध्ये सिएटची मुंबईत स्थापना झाली. मूळ कंपनी इटलीतल्या तुरीन शहराची, आणि येथला कारखाना भांडुपला. भांडुपपासून खाडी ओलांडली, की ठाणे-बेलापूर रस्ता. त्या रस्त्यावर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या नोसिल या कंपनीचा कारखाना आहे. ही कंपनी रबराला लागणारी रसायने करते, आणि ६ पीपीडी तिच्याकडे ‘पिलफ्लेक्स १३’ या नावाने मिळते. आमच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरला वाळूज येथे बालकृष्ण इंडस्ट्रीजचे ट्रॅक्टरचे टायर होतात. बीबीच्या शिवारात नांगरणी करणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरच्या टायरवरचा तांबूस रंग ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आलेला असणे अगदी शक्य आहे.

आता डिझेलच्या बोळ्याकडे वळतो. डिझेल, रॉकेल, जळके तेल हे सगळे खनिज तेलाचे प्रकार, आणि खनिज तेल रबराचे वैरी. ते रबरात शिरते, रबर फुगते, मऊ पडते. शिवाय पृष्ठभागावरचे मेण आणि आपला कलपवाला पहारेकरी, दोघांनाही ते धुऊन नेते. आतून नवा साठा येतो खरा. पण साठा मोजकाच असतो, आणि प्रत्येक पुसणीला तो थोडा थोडा खर्च होतो. साध्या साबणाच्या पाण्याने धुवावा, फार तर पाण्यात कालवलेले, तेल नसलेले पॉलिश लावावे. माझे विचाराल, तर तांबूस टायरला झेंडू जास्त शोभतो.

हे सगळे हौसेपुरते असते तर एवढे लिहिले नसते. पण समृद्धी महामार्ग आमच्या भागातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी तो नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पुरा झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, खाली काँक्रीट, वर वऱ्हाडचे ऊन. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. टायर फुटला, असे चालकाने सांगितल्याची बातमी सकाळ व्हायच्या आत सगळीकडे झाली. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही, असे आले. त्या अपघाताची कारणे येथे उकरीत नाही. इतकेच, की त्यानंतर आमच्याकडे लोक टायरकडे पाहू लागले. आणि पाहू लागले ते रंगाकडे! काळा तो चांगला, तांबूस तो वाईट. ही समजूत जिवावर बेतणारी आहे. पॉलिश केलेला गुळगुळीत टायर काळाभोर दिसतो, आणि त्या चकाकीखाली भेगाही झाकून जातात. जुने टायर रंगवून नव्यासारखे विकणारे एक दुकान मी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही.

पाहावयाचे ते वेगळेच. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२२४’ असेल, तर तो २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात झाला. नक्षीची खोली मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. आणि बाजू अंगठ्याने दाबून भेगा पाहाव्यात. बाहेर तांबूसपणा असून भेगा नाहीत, तर पहारा चालू आहे. रंग काळा, हाताला रबर कडक आणि बाजूवर आडव्या चिरा, तर तो टायर मुलाबाळांना घेऊन देवदर्शनाला निघालेल्या गाडीला लावू नये.

राहिली दुसरी बाजू. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटल शहराच्या आसपास, कोहो नावाचा मासा समुद्रातून ओढ्यांत अंडी घालावयास येतो. शरदातला पहिला मोठा पाऊस झाला, की हे मासे गोल गोल फिरत, तोंड वासत काही तासांत मरत, अंडी पोटातच. दोन दशके शास्त्रज्ञ कारण शोधीत होते. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात काहीतरी आहे, एवढे कळत होते. त्यांनी टायरचा चुरा पाण्यात भिजवून त्यातली सुमारे दोन हजार रसायने एकेक करून वगळली, आणि अखेर १८ कर्ब, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ प्राणवायू असा एकच रेणू हाती राहिला. तो टायरमध्ये घातलेल्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. मग झेंयू तियान या तरुण संशोधकाच्या ध्यानात आले, की ६ पीपीडीला ओझोन लागल्यावर हाच रेणू होतो. म्हणजे पहारेकरी जळून जे उरते, तेच हे विष. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात हा शोध प्रसिद्ध झाला. पुढच्या मोजणीत एक लिटर पाण्यात शंभर नॅनोग्रॅमपेक्षाही कमी मात्रा निम्म्या माशांना मारावयास पुरते, असे ठरले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ट्राउट जातीच्या काही माशांनाही ते बाधते, हे २०२२ मध्ये दिसले. सगळ्या जातींना सारखे बाधत नाही.

त्या किनाऱ्यावरच्या युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या आदिवासी जमातींचे पोट आणि सण दोन्ही या माशावर चालतात. टायरमधले ६ पीपीडी बंद करावे, असा अर्ज त्यांनी केंद्रीय पर्यावरण खात्याकडे केला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी तो विचारार्थ मान्य झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कॅलिफोर्निया राज्याने टायर-कारखानदारांना पर्याय शोधून त्यांची छाननी करण्याचे बंधन घातले. हा पर्याय रबरातून ठरावीक वेगाने वर आला पाहिजे, ओझोनला रबराआधी अडवला पाहिजे, वर्षानुवर्षे पुरला पाहिजे, आणि जळून उरलेली त्याची राख ओढ्यातल्या माशाला सोसली पाहिजे. पहिल्या तीन अटी पुरी करणारी रसायने रॉक आयलंडच्या लोकांनी १९५४ मध्ये दाखविली होती. चौथी अट त्या वेळच्या यादीत नव्हती.